सही आधी केली, काँक्रीट नंतर मोजलं

घरच्या स्विमिंग पूलभोवतीचा डेक, म्हणजे काठालगतचा काँक्रीटचा सपाट पट्टा, स्वतःच घालायचा ठरवलं, तेव्हा धास्ती होती ती माझ्याच हाताची. ढाळ साधेल का, रंधा नीट फिरेल का. विकत घेतलेल्या मालातच गडबड असेल हे डोक्यातही आलं नाही.

पूल ८ बाय ४ मीटरचा, भोवती दीड मीटरचा पट्टा, म्हणजे ४५ चौरस मीटर. जाडी १० सेंटीमीटर धरली तर साडेचार घनमीटर. सांडलवंड धरून ५ घनमीटर रेडीमिक्स, म्हणजे प्लांटमधून कालवून गाडीने येणारं काँक्रीट, सांगितलं. खालची भर थराथराने ठोकून बसवली, मीटरमागे २ सेंटीमीटर ढाळ बाहेरच्या बाजूला येईल अशी दोरी बांधली, कॉपिंगलगत, म्हणजे पूलच्या काठावरच्या फरशीलगत, फोमची पट्टी उभी केली. (ही पट्टी टाळू नका. उन्हाने डेक फुगला की थेट पूलच्या काठाला रेटतो.)

गाडी उशिरा आली. ड्रायव्हरने उतरताच चलन, म्हणजे मालासोबतची पावती, पुढे केलं. "आधी सही करा साहेब, ड्रममध्ये माल घट्ट होतोय." मी घाईत सही ठोकली. चलनावर प्लांटमधून निघाल्याची वेळ होती, ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) होती, घनमीटर होते. वाचलं मात्र मी रात्री.

पन्हळीतून माल पडायला लागला. घट्ट होता, ढीग ढासळत नव्हता. मी आणि मेहुणा फावड्याने ओढून बेजार झालो. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही दोघंच, हा काय सरकणार तुम्हाला? थोडं पाणी मारतो." मेहुण्याने लगेच मान डोलावली, मी गप्प बसलो. त्याने पाइप ड्रममध्ये सोडला आणि खरंच, पुढचा माल आपल्या पायांनी चालत गेला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"थोडं पाणी" म्हणजे किती, ते नंतर कळलं. मेहुण्याने हौसेने काढलेल्या फोटोंत गाडीच्या पाण्याच्या टाकीची काचेची नळी दिसते. पातळी १५० लिटरने उतरलेली. म्हणजे पूर्ण पाच घनमीटर धरले तरी घनमीटरमागे ३० लिटर. ठरलेल्या मिश्रणात ३२० किलो सिमेंटला १६० लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.५. ते गेलं निदान ०.५९ वर. जास्तीचं पाणी सुकून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. काँक्रीट तिथेच कमजोर होतं.

त्यात माल पुरला नाही. शेवटचा ३ मीटरचा तुकडा उघडाच, ड्रम रिकामा. "तुमचा खड्डा खोल असेल," असं म्हणून ड्रायव्हर गाडी घेऊन निघून गेला. उरलेला तुकडा आम्ही हाताने माल कालवून भरला. तोवर आधीचा कडक व्हायला लागला होता, त्यामुळे जोड धरला नाही. आज तिथेच चीर आहे.

शटरिंग (कडेच्या फळ्या) काढल्यावर कडा मोजल्या. ९.५ ते १०.५ सेंटीमीटर. गाडीने भरलं साडेचाळीस चौरस मीटर, म्हणजे चार घनमीटरच्या थोडं वर. सगळीकडे सेंटीमीटरभर जाडी जास्त गेली असं मानलं, तरी अर्ध्या घनमीटरचा पत्ता लागत नाही.

पुरवठादाराला फोन केला. त्याने एकच विचारलं, "काम कुणी केलं?" मी म्हटलं, मीच. "मग झालं तर! घरगुती कामात असं होतंच. आणि पाणी तुमच्या माणसाने हो म्हटल्यावरच घातलंय. चलनावर पाच घनमीटर मिळाल्याची तुमची सही आहे." ठेकेदार असता तर दोघे आपसात भांडले असते. इथे मालाचा प्रत्येक दोष आपोआप माझ्या अंगावर आला. माझ्याकडे पुरावा म्हणून चाचणीचा एक क्यूबसुद्धा (काँक्रीटचा ठोकळा) नव्हता. १५ सेंटीमीटरचे तीन साचे गाडीच्या मालाने भरून ठेवले असते, तर २८ दिवसांनी ते दाबून ताकद कळली असती.

सात दिवस ओली पोती टाकून क्युरिंग केलं, तडे वाटेल तिथे जाऊ नयेत म्हणून वेळेवर जॉईंटच्या खाचा कापल्या. तरी महिन्याभरात डेकवर हात फिरवला की तळवा पांढरा व्हायचा. पोरं ओल्या पायांनी पळाली की तीच भुकटी पाण्यात.

पुढे शेजाऱ्यांकडे अंगणाला काँक्रीटची गाडी आली, तेव्हा मला बोलावलं. गाडी आधी वजनकाट्यावर नेली, रिकामी झाल्यावर पुन्हा न्यायची होती; दोन वजनांतला फरक म्हणजे उतरलेला माल, घनमीटरला साधारण २,४०० किलो धरायचं. ड्रायव्हरने पेन पुढे केलं. मी म्हटलं, ड्रम रिकामा झाल्यावर. मग त्याने पाइप उचलला. "थोडं पाणी मारू का?"

"मारा की. फक्त किती लिटर ते चलनावर लिहा आणि खाली तुमची सही करा."

त्याने पाइप गुंडाळून पुन्हा हुकाला अडकवला.