स्टिल एमएस १८०: चालू करवत खाली ठेवायची तर

काजू-आंब्याची छाटणी, वाऱ्याने पडलेलं झाड, वर्षाचं सरपण एवढ्या कामाला स्टिलची एमएस १८० ही पेट्रोलवर चालणारी चेनची करवत पुरते. इंजिन ३१.८ सीसी, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) १४ किंवा १६ इंची. कापण्याबद्दल तक्रार नाही. खरी पारख होते ती दोन कापांच्या मध्ये, कापलेली फांदी ओढायला माणूस मशीन चालू ठेवूनच खाली ठेवतो तेव्हा.

रेस सोडली तरी चेन त्याच क्षणी थांबत नाही. म्हणून काप संपला की रेस सोडा, चेन थांबल्याचं बघा आणि दोन्ही मुठी धरलेल्या असतानाच डाव्या मनगटाने पुढचा गार्ड, म्हणजे पुढच्या मुठीसमोरचा ब्रेकचा दांडा, बारच्या टोकाकडे ढकला. खटका बसला की ब्रेकचा पट्टा चेन फिरवणारा क्लचचा ड्रम आवळतो. मगच मशीन खाली. एमएस १८०चा गार्ड मूठ न सोडता सहज बसतो, ही तिची मोठी जमेची बाजू. आधी ठेवून मग ब्रेक लावणं उलटं आहे, कारण वाकतानाच पाय बारजवळ येतो.

जागा सपाट आणि मोकळी हवी. ओंडक्यावर ठेवलेलं मशीन आयडलिंगच्या थरथरीने सरकत कडेला येतं. डहाळीत ठेवलं तर रेस आणि तिचा लॉक दोन्ही दाबले जाऊ शकतात. सुक्या पाल्यावर तर नकोच: सायलेन्सर तापलेला असतो आणि उन्हाळ्यात बागेला आग लागायला तेवढं पुरतं. चार पावलांपलीकडे जायचं असेल तर सरळ बंद करा, स्विच अंगठ्यापाशीच आहे. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या लाकूडतोडीच्या नियमात ५० फुटांपलीकडे करवत नेताना इंजिन बंद किंवा ब्रेक लावलेला असणं सक्तीचं आहे. जमीन निसरडी असेल, झाडी दाट असेल तर त्याहून कमी अंतरालाही.

रेस सोडूनही चेन हळूहळू फिरतच असेल तर एलए स्क्रू (आयडलिंगचा वेग ठरवणारा) घड्याळाच्या उलट दिशेने, चेन थांबेपर्यंत आणि त्यापुढे थोडा फिरवा. तरी फिरली, तर बहुधा क्लचची स्प्रिंग गेली. दुरुस्तीपर्यंत मशीन वापरू नका.

ब्रेक रोज तपासा: ब्रेक लावून फार तर तीन सेकंद पूर्ण रेस द्या, चेन हलता कामा नये. त्याहून जास्त रेस दिली तर ड्रम तापून क्लच आणि पट्टा जळतो. थंड मशीन सुरू करतानाही हेच सांभाळायचं. तेव्हा अंगठ्यापाशीच्या स्विचचा लीव्हर अर्ध्या रेसवर असतो, ब्रेक नसेल तर दोरी ओढताच चेन धावते. म्हणून आधी ब्रेक, आणि इंजिन धरलं की लगेच रेसला एक टिचकी देऊन आयडलिंगवर आणा.

उणीव म्हणाल तर स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणाआड भुसा आणि ऑइलचा चिखल साचतो, त्याने ब्रेक मंदावतो. झाकण एकाच नटवर आहे, तेव्हा काम संपल्यावर उघडून ब्रशने साफ करायला आळस नको. चेन ताणताना ती हाताने ओढूनही सरकली नाही तर आधी गार्ड मागे आहे ना ते बघा. ब्रेक लागलेला असताना ती सरकतच नाही आणि नवखा माणूस उगाच बार खोलत बसतो.

दुकानात घेताना गार्ड चार-पाच वेळा पुढे-मागे करून बघा. खटका स्पष्ट, दोन्हीकडे ठाम बसला पाहिजे. रोज आकेशियाचे जाड बुंधे कापायचे असतील तर हे मशीन घेऊ नका, मोठ्या इंजिनाचं बघा.