फोनवरचं मॅन्युअल: पीडीएफ की वेबपान?

पीडीएफ १९९३ साली आली तीच मुळी छापील पानाची हुबेहूब प्रत म्हणून. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद. उभ्या धरलेल्या फोनचा पडदा जेमतेम ७०. म्हणजे अक्षरं तिपटीने बारीक. मग चिमटीने मोठं करा, ओळ वाचत उजवीकडे सरका, पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे या. एका हातात पाना आणि समोर उघडा पंप असताना हे कोण करणार? दोन रकान्यांची मांडणी असेल तर विचारूच नका.

वेबपानात मजकूर पडद्याच्या मापाने आपोआप वळतो. पण नुसतं रूपांतर करून भागत नाही, लिहिणंही बदलावं लागतं. एका पायरीत एकच कृती. धोक्याची सूचना कृतीच्या आधी. आणि ‘शेजारील आकृती पाहा’ला कायमची रजा, कारण फोनवर शेजार नसतोच! आठ रकान्यांचा तक्ता मात्र इथेही रडवतो. तो फोडूनच लिहावा.

पीडीएफ एकदा उतरवून घेतली की रेंज नसतानाही उघडते, छापली तरी मांडणी हलत नाही. म्हणून वायरिंगचा मोठा आराखडा मी अजूनही पीडीएफमध्येच देतो. बाकी सगळं वेबपानावर.