फिजिक्स मेजर नक्की झालं, आता मायनर मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स की केमिस्ट्री?

एफवाय-एसवायच्या मुलांचा हा दरवर्षीचा प्रश्न, आणि सीनियर मंडळी ठरलेलं उत्तर देतात, "ज्यात मार्क सुटतात ते घे." मलाही तेच सांगितलं होतं. मी केमिस्ट्री ठेवली आणि मॅथ्स सोडलं. मग एमएस्सीच्या पहिल्याच आठवड्यात क्वांटमच्या सरांनी फळ्यावर एक मॅट्रिक्स लिहिली, आयगनव्हॅल्यू काढल्या आणि "हे तुम्हाला येतंच" म्हणून पुढे गेले. शेजारच्या मुलीने तोवर आयगनव्हेक्टर नॉर्मलाइज करून वहीचं पान उलटलं होतं, माझ्या वहीत नुसती मॅट्रिक्स. ते अख्खं सेमिस्टर मी दिवसा लेक्चर आणि रात्री लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचं गणित, असं काढलं, तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

थिअरी, पार्टिकल फिजिक्स, कॉस्मॉलॉजी यातलं काही डोक्यात असेल तर मॅथ्स, दुसरा विचारच करू नका. लोक म्हणतात फिजिक्समध्ये मॅथेमॅटिकल मेथड्सचा पेपर असतोच की, असतो, पण तिथे कॉम्प्लेक्स ॲनालिसिसपासून फुरिए सिरीजपर्यंत सगळं एका दमात उरकतात आणि हात बसायच्या आत परीक्षा येते. मॅथ्सच्या वर्गात तीच डिफरन्शियल इक्वेशन तुम्ही पन्नास वेळा सोडवता. हां, रिअल ॲनालिसिसमधले एप्सिलॉन-डेल्टाचे प्रूफ फिजिक्समध्ये थेट फारसे लागत नाहीत, तिथे थोडा कंटाळा येईल, तो सहन करा. आणि बऱ्याच ठिकाणी एमएस्सी फिजिक्सच्या पात्रतेतच बीएस्सीला मॅथ्स असण्याची अट असते, त्यामुळे सोडायच्या आधी जिथे जायचंय तिथलं ब्रोशर नीट वाचा.

इलेक्ट्रॉनिक्सला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना वाय आकारात पसरलेल्या. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण की आधी तो नॉईज फारसा न वाढवता ॲम्प्लिफाय करायचा, मग सगळ्या डिशचे सिग्नल जोडीजोडीने कोरिलेट करायचे, म्हणजे एकमेकांशी ताडून बघायचे, तेव्हा कुठे फुरिए ट्रान्सफॉर्म करून चित्र मिळतं. रेडिओ ॲस्ट्रॉनॉमी, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा कुठलंही एक्सपेरिमेंटल काम करायचं असेल तर ज्याने ब्रेडबोर्डवर ७४१ ऑपॅम्प (ॲम्प्लिफायरची चिप) लावून, सीआरओच्या स्क्रीनवर आउटपुट का हलतंय ते शोधत दुपार घालवलीये तो पुढे असतो. पण थिअरीवाल्याला याचा उपयोग बेताचाच.

केमिस्ट्री माझ्या बाबतीत चुकली, कारण मला थिअरीकडे जायचं होतं. मटेरियल सायन्स, थिन फिल्म, नॅनो असं करायचं असेल तर मात्र ती अगदी योग्य आहे. आपल्याकडच्या विद्यापीठांत या विषयांवर भरपूर काम चालतं, कोल्हापूरला तर थिन फिल्मवर कित्येक वर्षं चाललंय. तिथे सॅम्पल आधी स्वतः बनवावं लागतं, सोल-जेल, को-प्रेसिपिटेशन अशा रासायनिक पद्धती, पीएच सांभाळणं, आणि मग एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेने त्याची रचना तपासणं. कॉलेजच्या लॅबमध्ये फोर प्रोबच्या प्रयोगाला जर्मेनियमचा तुकडा तापवत रेझिस्टिव्हिटी घेतली, लॉगचा ग्राफ काढला आणि स्लोपवरून बँड गॅप ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आला की खूप बरं वाटतं, पण तुकडा आयता मिळतो. रिसर्चमध्ये तो कोणी आणून देत नाही.

कॉम्प्युटर सायन्ससाठी मायनर खर्च करू नका असं माझं मत. पायथन सुट्टीत घरी शिकता येतं, लिनिअर अल्जेब्रा घरी शिकताना काय होतं ते वर सांगितलंच. स्टॅटिस्टिक्स मिळत असेल तर वेगळी गोष्ट, डेटावर काम करायचं असेल तर ते नक्की कामाला येतं.

आता टीवायचे इलेक्टिव्ह. ॲस्ट्रोफिजिक्स करायचंय म्हणून मुलं ॲस्ट्रॉनॉमीचा पेपर घेतात आणि जास्तीचा स्टॅट मेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) सोडतात. दोन्ही जमत असतील तर दोन्ही घ्या, एकच घ्यायचा असेल तर मी स्टॅट मेक म्हणेन. व्हाइट ड्वार्फचं, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचं, वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पटीपलीकडे जात नाही हे ॲस्ट्रॉनॉमीच्या पेपरात एका ओळीत सांगून मोकळे होतात. पण ती मर्यादा येते इलेक्ट्रॉनच्या फर्मी गॅसमधून, फर्मी-डिरॅक स्टॅटिस्टिक्स आणि रिलेटिव्हिटी एकत्र लावल्यावर. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर हा हिशोब सुरू केला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे टीवायच्या मुलाएवढे. ग्रहताऱ्यांची नावं नंतर पाठ होतात, हा पाया नंतर घालताना फार त्रास होतो.

एमएस्सीच्या प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेचं बोलायचं तर तिथे स्पेशलायझेशन कोणी विचारत नाही. ६० प्रश्न, १०० मार्क, तीन तास, आणि त्यात मेकॅनिक्सपासून सॉलिड स्टेट-इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत सगळं येतं, त्यामुळे कोअरचा एकही पेपर ऑप्शनला टाकून चालत नाही.

अजून काहीच ठरलं नसेल तर मॅथ्स मायनर घ्या आणि इलेक्ट्रॉनिक्सचं एखादं प्रॅक्टिकल ओपन इलेक्टिव्ह किंवा स्किल कोर्समध्ये मिळतंय का बघा. आणि विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या शेवटी, जीएमआरटी लोकांना बघायला खुला ठेवतात तेव्हा खोडदला एक चक्कर मारा. तिथे काम करणाऱ्यांना सरळ विचारा की बीएस्सीतलं काय रोज वापरावं लागतं.