दाढेची कॅप : नऊ महिने, दोन कॅपा आणि एक फट

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सासुरवाडीच्या शेतात पंगत बसली होती. भज्जीत उंडा कुस्करला, दुसराच घास घेतला आणि दाताखाली खडा आला. खडा कसला, चार हजारांची कॅप! थुंकून तळहातावर घेतली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली. मेव्हणा म्हणतो, "दाजी, फेविक्विक हाय गाडीत, आणू का?" तो चेष्टा करत नव्हता, म्हणून सांगतो: घरी काहीही चिकटवू नका. कॅप डबीत ठेवा, त्या बाजूनं चावू नका आणि दोन-चार दिवसांत दवाखाना गाठा. कॅपसाठी घासून बारीक केलेली दाढ उघडी राहिली की शेजारचे दात सरकतात, मग तीच कॅप परत बसत नाही.

रूट कॅनलनंतर, म्हणजे आतली नस काढून पोकळी भरल्यावर, मागची दाढ ठिसूळ होते, कॅप नसली तर चावताना उभी चिरू शकते, हे सगळ्यांना माहीतच आहे. मलाही पटलं होतं. लातूरच्या दवाखान्यात तीन प्रकार सांगितले: नुसती धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली चार हजार, झिर्कोनिया (आत धातू नसलेली, पांढरी) नऊ हजार. सिरॅमिकवालीला काही वर्षांनी हिरडीपाशी काळपट रेघ दिसू शकते, असं डॉक्टर म्हणाले. म्हटलं, खालची शेवटून दुसरी दाढ, तिची रेघ बघायला कोण येतंय? चार हजारांची ठरली.

दाढ चहूबाजूंनी घासतात, वरून दीड-दोन मिलिमीटर. घासून झाल्यावर जीभ लावली तर जात्याचा खुंटा लागावा तशी लागली. मग पुट्टी नावाच्या मऊ लगद्यात दाढेचा माप घेतला, वर प्लास्टिकची तात्पुरती टोपी आणि आठ दिवस चिक्की बंद. दसऱ्याच्या आधी पक्की बसली. निळा कागद चावायला देऊन उंची बघतात. दोन दिवस ठणकली, कारण उंच राहिली होती. रूट कॅनल झालेल्या दाढेला नस नसते, पण मुळाभोवतीच्या पडद्याला दाब कळतोच. जाऊन घासून घेतली, पाच मिनिटांचं काम, पैसे नाहीत. इथवर तक्रार नाही.

खरी गोष्ट फटीची.

कॅप आणि पुढच्या दाढेच्या मधे फट राहिली होती. डोळ्याला न दिसणारी, पण तुरीच्या डाळीला बरोबर सापडणारी. मेथीचा देठ, शेंगदाण्याचं साल, मटणाचा धागा, जे खाईन त्याचा हिस्सा तिथं जमा. हुरड्याचा कोवळा दाणा तर आत शिरून असा फुगायचा की हिरडी दिवसभर धरून बसायची. ऑफिसात टेबलाखाली तोंड घालून काडी फिरवायची वेळ आली. काडी मोडली की बायकोच्या बांगडीतली सेफ्टी पिन. (करू नका, हिरडीतून रक्त येतं. मी केलं.) फोन केला तर काउंटरवरची पोरगी म्हणते, "काका, अन्न तर सगळ्यांचंच अडकतं." माझं साठीला टेकेपर्यंत अडकलं नव्हतं, मग आताच काऊन अडकायलं?

तर येळवशीच्या तिसऱ्या दिवशी डबी घेऊन गेलो. डॉक्टर सिमेंट कालवायच्या बेतात. म्हटलं थांबा, आधी नुसती बसवा आणि दोरा घालून दाखवा. त्यांनी फ्लॉसचा, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा, दोरा दोन दातांमधे घातला. खाली गेला, तसाच वर आला. कुठं अडणं नाही, आवाज नाही. डॉक्टर गप्प. मी पण गप्प, पण आतून लई बरं वाटलं.

मग वाद. पोरगी म्हणाली वॉरंटी कार्ड फक्त झिर्कोनियाला. डॉक्टर म्हणाले कॅप बनवणाऱ्या लॅबची चूक. मी म्हणालो लॅबला मी पैसे दिले नाहीत, तुम्हाला दिले. शेवटी नवा माप, नवी कॅप आणि दीड हजार "लॅबचा खर्च" यावर तुटलं. तोही द्यायला नको होता असं मला अजून वाटतं.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी ठाम होतो की स्वस्तातली घेतली म्हणून भोगलं, तुम्ही झिर्कोनियाच घ्या. पण आमच्या साहेबांनी नऊ हजारांची घातलीय आणि जेवणानंतर तेही माझ्यासारखेच भिंतीकडे तोंड करतात. म्हणजे फट मालामुळे पडत नाही, माप आणि घडणीमुळे पडते. माल कुठला हे सगळे विचारतात, शेजारच्या दाताला कॅप टेकते का हे कोणी विचारत नाही. पक्कं सिमेंट लावायच्या आधी दोरा घालायला लावा. जाताना-येताना टक् झालं पाहिजे. सिमेंट वाळल्यावर सापडलं तर कॅप कापूनच काढावी लागते बहुतेक वेळा.

पुतणीला लग्नाआधी समोरच्या दातांना व्हिनिअर बसवायचेत, तिनंही मला विचारलं. ते नुसतं समोरून चिकटवायचं पातळ कवच, साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. माझ्या दाढेचा अनुभव तिथं लागू नाही. एवढंच सांगितलं, त्यासाठी दाताचं वरचं कवच घासलं तर ते परत उगवत नाही, फोटो बघून हो म्हणू नको.

नवी कॅप सहा महिने झाली. कडक भाकरी, ठेचा, भाजलेल्या शेंगा, सगळं त्याच बाजूनं. रोज रात्री दोरा घालतो, कारण कॅप किडत नसली तरी तिच्या काठाखालची दाढ किडते. आणि खरं सांगायचं तर तो टक् आवाज ऐकायलाही घालतो. जुनी कॅप मी मागून आणली, पैसे दिलेत तिचे. सुपारीच्या डबीत पडून आहे. सेफ्टी पिनही परत दिली, पण बायको ती साडीला लावत नाही.