आधी सामान बाहेर काढा, मग भांडा

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी रात्री साडेनऊला मी नेहमीसारखा लॅपटॉप उघडला, तर आमच्या ऑनलाइन खेळाचं टेबल उघडेना. पडद्यावर दोनच ओळी होत्या. पैशांच्या वादामुळे हे खातं गोठवलं आहे, ग्राहक सेवेशी संपर्क साधा. फोनवर चौघं माझी वाट बघत होती: भाऊ जर्मनीत, मामेबहीण नागपुरात, कॉलेजच्या दोन मैत्रिणी पुण्यात आणि ठाण्यात. मी नाशिकला. आमचा तीन वर्षांचा खेळ त्या दोन ओळींमागे अडकला.

ज्या कंपनीच्या साइटवर आम्ही खेळायचो तिने आम्हाला फसवलं हे खरंच आहे. पण फसवणूक लक्षात आल्यावर मी ज्या क्रमाने हालचाल केली, त्या क्रमामुळे नुकसान कितीतरी पटींनी वाढलं. ते इतर कुणाचं होऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायचा हा प्रकार तिथून पसरला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात; आमची डीएम मी. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. सगळे एका खोलीत असतील तर कागद, पेन्सिल आणि फासे पुरतात. आम्ही पाच जण पाच गावांत. भावाकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात पाच, तेव्हा आमच्याकडे जेवणं उरकलेली असतात. आठवड्यातून एकदा आम्ही भावंडं तीन तास सलग बोलतो ती हीच वेळ. म्हणून नकाशा, पात्रांची शीट्स, फासे आणि टिपणं एकाच पडद्यावर सगळ्यांना दिसतील असं साधन आम्हाला हवं होतं. अशी साधनं आता बहुतेक वर्गणीवर मिळतात.

आमची गोष्ट नाणेघाटातली आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे ज्या वाटेने माल चढायचा, त्या वाटेवरच्या तांड्याचे राखणदार म्हणजे आमची पात्रं. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत असं सांगतात, तो रांजण आमच्या गोष्टीतलं पहिलं कोडं होतं. मी दोनदा घाट चढून गेले. गुहेची लांबीरुंदी पावलांनी मोजली, पायऱ्यांची वळणं वहीत उतरवली. घरी चौकटीच्या कागदावर नकाशा काढला, स्कॅन केला आणि साधनात चढवला. असे 41 नकाशे झाले. कागद माझ्याकडे आहेतच, पण नकाशा चढवल्यावर खरं काम सुरू होतं. त्यावर अंधार पसरायचा, भिंती एकेक रेघ करून आखायच्या, दिवट्या ठेवायच्या, म्हणजे ज्याच्या हातात मशाल आहे त्यालाच पुढचं दिसतं. एका नकाशाला तीन-चार तास सहज जात. शिवाय जकातदार, त्याची मुलगी, लेण्यातला म्हातारा भिक्खू, अशा शंभरेक माणसांची टिपणं मी थेट त्या साधनातच टाइप केली होती. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

साधनाची किंमत ‘महिन्याला 4 डॉलर’ अशी मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती. खाली बारीक अक्षरांत होतं की पैसे वर्षाचे एकदम घेतले जातील. महिनाभर मोफत वापरून बघायलाही कार्डाचा नंबर मागितला होता. मी महिन्याला तीनशे-सव्वातीनशे रुपये धरून चालले होते. महिना संपल्यावर 48 डॉलर गेले, त्यावर 18 टक्के कर, त्यावर बँकेचं साडेतीन टक्के परकीय चलनाचं शुल्क आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. एकूण 4,900 रुपयांच्या आसपास. तेव्हा वाईट वाटलं, पण साधन चांगलं होतं आणि सगळ्यांना आवडलं होतं. पहिल्या वर्षी मी तक्रार केली नाही आणि दुसऱ्या वर्षीही रक्कम आपोआप जाऊ दिली.

दुसरं वर्ष निम्मं सरलं होतं तेव्हा ‘आजीवन’ योजना आली. 199 डॉलर एकदाच भरा, पुन्हा कधी काही द्यायचं नाही. पानावर उलटं चालणारं घड्याळ होतं, उरलेले तास दाखवणारं. आम्ही पाच जणांनी वर्गणी काढली. कर आणि शुल्क धरून वीस हजारांच्या थोडं वर गेलं, म्हणजे प्रत्येकी चार हजार. भाऊ त्या रात्री म्हणाला होता, “ताई, आजीवन म्हणजे नक्की कुणाचं जीवन? तुझं, कंपनीचं, की ह्या आवृत्तीचं? लेखी विचारून घे.” मी विचारलं नाही. घड्याळात चार तास उरले होते, मी पैसे भरले.

पुढच्या फेब्रुवारीत रात्री पावणेतीनला बँकेचा मेसेज आला. सकाळी पाहिला तर जुनी वार्षिक वर्गणी पुन्हा कापली गेली होती. आजीवन योजना घेतल्यावर वार्षिक योजना आपोआप बंद होत नाही, ती वेगळ्या पानावर जाऊन वेगळी बंद करावी लागते, हे मला कुठेच सांगितलेलं नव्हतं. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डावरून वारंवार कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी ई-मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची ग्राहकाची परवानगी, नोंदवावं लागतं आणि पैसे जाण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. मी त्या नियमाच्या भरवशावर होते. पण बँकेतल्या बाईंनी दाखवलं की कंपनीने मँडेट नोंदवलंच नव्हतं, जपून ठेवलेल्या कार्डावर परदेशातली साधी खरेदी म्हणून रक्कम टाकली होती. परदेशी साइटवरचे असे व्यवहार ओटीपीशिवायही होऊन जातात. हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि माझ्या ओळखीतल्या दहांपैकी नऊ जणांना आजही माहीत नाही.

कंपनीला लिहिलं. आधी यंत्राची उत्तरं आली, मग आठ दिवसांनी माणसाचं. नूतनीकरणाचे पैसे परत मिळत नाहीत, अटींमधलं अमुक कलम पाहा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच कलम. ह्या पत्रव्यवहारात दोन-तीन महिने गेले. मग मेच्या अखेरीस मोठं पत्र सगळ्याच ग्राहकांना आलं. साधनाची नवी आवृत्ती येत आहे, जुनी 60 दिवसांत बंद होईल, आजीवन सदस्यत्व जुन्या आवृत्तीपुरतं होतं, नव्या आवृत्तीसाठी महिन्याची वर्गणी लागेल. आणि आपलं सगळं साहित्य फाइल करून बाहेर काढण्याची सोय फक्त सर्वात महागड्या योजनेत.

माझा संताप झाला. त्या आठवड्यात मी बँकेत जाऊन दोन्ही रकमांवर हरकत नोंदवली. आजीवनच्या रकमेची मुदत टळली होती म्हणून ती घेतली नाही. फेब्रुवारीच्या रकमेची घेतली आणि थोड्याच आठवड्यांत ते 4,900 रुपये तात्पुरते जमाही झाले. मी गटावर आनंदाने कळवलं. त्याच शनिवारी खातं गोठलं.

अटींमध्ये तेही होतं. ग्राहकाने बँकेकडे हरकत घेतली तर वाद मिटेपर्यंत खातं बंद. मी विनवणी केली की जुनी आवृत्ती बंद होणार आहे, निदान वाचण्यापुरतं उघडा. उत्तर आलं, हरकत मागे घ्या, मग बघू. मी बँकेत धावले. बँक म्हणाली, दावा पुढे गेलाय, मागे घ्यायला वेळ लागेल. तो वेळ पुरा व्हायच्या आत जुनी आवृत्ती बंद झाली.

पत्र आलं त्या दिवशी माझ्या हातात 60 दिवस होते आणि खातं चालू होतं. महागडी योजना एक महिन्यापुरती घेऊन सगळं बाहेर काढता आलं असतं. तेही नको तर पाच जणांनी वाटून घेऊन पडद्याचे फोटो काढता आले असते, टिपणं हाताने उतरवता आली असती. चार शनिवार पुरले असते. मी आधी भांडायला गेले. बँकेत हरकत घेण्याचा तुमचा हक्क पक्का आहे आणि तो वापराच. पण त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत शेवटचं टिपण तुमच्या स्वतःच्या संगणकावर आलेलं असू दे.

हे लहान कंपन्यांपुरतंच आहे असं समजू नका. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीसोबत वर्गणीवर मिळणारं पात्र बनवण्याचं साधन सुरुवातीला स्वतःच्या संगणकावर उतरवून घेता यायचं. 2010 साली ते फक्त ऑनलाइन झालं. ते ज्या सिल्व्हरलाइट तंत्रावर चालत होतं ते पुढे मागे पडलं आणि साधनही बंद झालं. ऑगस्ट 2024 मध्ये ह्याच खेळाच्या अधिकृत साइटने, डीअँडडी बियाँडने, जाहीर केलं की पात्रांच्या शीटवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांच्या रूपात बदलल्या जातील. लोकांनी जुनी पुस्तकं त्याच साइटवर पैसे मोजून घेतलेली होती. त्यांनी एवढा गदारोळ केला की कंपनीने काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. तिथे लाखो खेळाडू होते म्हणून तो मागे घेतला गेला, आमच्यासारख्या पाच जणांसाठी कुणी काही मागे घेत नाही.

आता कुठलंही साधन घेताना मी मोफत महिन्यातच एक पात्र, एक नकाशा आणि दोन पानं देवनागरी टिपणं त्यात टाकते आणि लगेच बाहेर काढून बघते. बाहेर आलेली फाइल साधन बंद असतानाही उघडली पाहिजे आणि तिच्यातलं मराठी वाचता आलं पाहिजे. एवढ्या परीक्षेत निम्मी साधनं गळतात. ‘आजीवन’ लिहिलेलं असेल तर ते कोणत्या आवृत्तीसाठी आणि कंपनी विकली गेली तर काय, हे ईमेलवर विचारते. उत्तर आलं नाही तर घेत नाही. पैसे भरून झाले की बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करते, लागले तर पुन्हा चालू करायला अर्धा मिनिट लागतो. नूतनीकरणाच्या आठ दिवस आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते.

आणि वर्गणी लागतेच असंही नाही. जानेवारी 2023 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे नियम इतरांनी वापरण्याच्या परवान्यावरून कंपनी आणि खेळाडूंत मोठं भांडण झालं, असंख्य लोकांनी वर्गण्या रद्द केल्या, आणि त्यानंतर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स ह्या सगळ्यांना मोफत वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुले झाले. ते कुणीही उतरवून घ्यावेत, छापावेत, मराठीत आणावेत. फाउंड्रीसारखं साधन एकदाच विकत घेऊन स्वतःच्या संगणकावर चालवता येतं, मग नकाशे आणि टिपणं आपल्याच फोल्डरात राहतात. मांडायला कष्ट पडतात. आम्हाला दोन रविवार लागले, त्यातला एक भावाचा पूर्ण गेला.

2023 च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या 13 प्रकारांची यादी काढली, तिच्यात वर्गणीचा सापळा नावानिशी आहे. मी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. कंपनी परदेशातली आहे, अजून निकाल नाही, पण तक्रार नोंदली जाणं मला महत्त्वाचं वाटतं.

थोडंफार परत मिळालं ते मात्र जर्मनीहून. युरोपात राहणाऱ्याला तिथल्या जीडीपीआर ह्या माहिती-संरक्षण कायद्याने स्वतःची माहिती कंपनीकडे मागता येते आणि कंपनीला साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. कंपनी युरोपबाहेरची असली तरी, तिथल्या लोकांना सेवा विकत असेल तर तिलाही हे लागू आहे. भावाचं खेळाडू म्हणून वेगळं खातं होतं. त्याने कलम 15 आणि 20 चा हवाला देऊन पत्र टाकलं. सत्ताविसाव्या दिवशी त्याला फाइल आली. त्याच्या पात्राची शीट, तीन वर्षांत टाकलेला प्रत्येक फासा, आणि त्याने खेळात टाइप केलेलं प्रत्येक वाक्य. फक्त त्याचं. माझी उत्तरं त्यात नव्हती, बाकी तिघींचंही काही नव्हतं.

आता शनिवारी खेळायला बसण्याआधी अर्धा तास आम्ही ती फाइल पुढे घेतो. भाऊ आपली ओळ वाचतो: “मी रांजणात हात घालतो.” खाली वीस बाजूंचा फासा, 17. मग रांजणात त्याला काय सापडलं होतं ते आम्ही चौघी आठवायला लागतो. ठाण्याची मैत्रीण म्हणते नाणं होतं, नागपूरची म्हणते मूल रडत होतं. जे सगळ्यांना पटेल ते मी वहीत लिहून घेते. आतापर्यंत पहिल्या वर्षाचा फाल्गुन झाला आहे.