बारीक ब्रेड घेताना: चार पेडी की आठ पेडी, आणि डब्यावरच्या पौंडांचं काय?

कोकणात खडकावरून किंवा खाडीत गरवायला जाणारे बरेच जण आता तंगूस (नायलॉनची एकसंध लाइन) सोडून ब्रेडकडे, म्हणजे बारीक पेड विणून केलेल्या गळाच्या लाइनकडे, वळलेत. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती पौंडाची देऊ?" माझं म्हणणं असं की पौंड सगळ्यात शेवटी बघावेत. बारीक ब्रेड, म्हणजे साधारण पीई ०.८ ते पीई २ मधली (पीई हे जपानी माप, ते पुढे येतंच), सरळ ताणाने फार क्वचित तुटते. ती गाठीत तुटते, कालवांच्या धारेवर कापली जाते, नाहीतर झिजून पिसारलेली असताना नेमकी मोठ्या माशाला दगा देते. म्हणून तुलना करायची ती खरी जाडी, वीण आणि तुमच्या पाण्यात ती कशावर घासणार आहे, या तीन गोष्टींची.

बाजारातल्या जवळजवळ सगळ्या ब्रेड एकाच जातीच्या धाग्याच्या असतात: अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन, ज्याला सगळे नुसतं पीई म्हणतात. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावं. ताकद अफाट, ताण नगण्य. तुटेपर्यंत हा धागा तीन-चार टक्केच लांबतो, तंगूस मात्र सहज वीस टक्क्यांच्या पुढे जातं. ०.१६५ मिमी जाडीचं तंगूस जेमतेम ४ पौंडांचं असतं, तेवढ्याच जाडीची ब्रेड त्याच्या चौपट-पाचपट वजन धरते. पण या धाग्याच्या दोन खोडी आहेत. तो १४५ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो, आणि तो पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर तरंगतो. टिकाऊपणाचे निम्मे प्रश्न पहिल्या खोडीतून निघतात आणि वाऱ्याच्या दिवसातला वैताग दुसऱ्या खोडीतून.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

जपानी पद्धतीत पीई हा आकडा जाडीचा नसून वजनाचा आहे. पीई १ म्हणजे २०० डेनियर, म्हणजेच ९,००० मीटर लाइनचं वजन २०० ग्रॅम. त्या हिशेबाने पीई ०.८ म्हणजे १६०, पीई १.५ म्हणजे ३०० आणि पीई २ म्हणजे ४०० डेनियर. मिलिमीटरमध्ये हे साधारण ०.१४८, ०.१६५ (पीई १), ०.२०५ आणि ०.२३५ असं बसतं. ब्रेड दाबली की चपटी होते, त्यामुळे मिलिमीटरच्या आकड्यावर कोणी फार विसंबू नये. वजन मात्र खोटं बोलत नाही.

आता ताकदीचं गणित करून बघा. चांगल्या प्रतीचा पीई धागा दर डेनियरला साधारण ३५ ते ४५ ग्रॅम ताण सोसतो. २०० डेनियरला ते ७ ते ९ किलो होतात, पौंडात १५ ते २०. अगदी वरच्या श्रेणीतली जपानी लाइन थोडी पुढे जाते. मग 'पीई १, ०.१६ मिमी, ४० पौंड' असं छापलेला स्वस्त डबा हातात आला तर समजायचं की यातली निदान एक गोष्ट खोटी आहे. बहुतेक वेळा ती जाडी असते. आत भरलेली असते पीई २ च्या घरातली जाड लाइन. ती तुटत नाही म्हणून घेणारा खूश असतो. पण लूर (बनावट आमिष) लांब जात नाही आणि स्पूलवर, म्हणजे रीलच्या चकरीवर, दीडशेऐवजी ऐंशी मीटरच मावते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

हे घरी तपासता येतं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. नव्या लाइनचा डबा वजन करा, लाइन रीलवर भरा, रिकामा डबा पुन्हा वजन करा. ३०० मीटर खऱ्या पीई १ चं वजन ६.७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. वरच्या लेपामुळे थोडं जास्त चालेल. बारा-तेरा ग्रॅम भरलं तर ती पीई १ नाहीच. एवढी साधी तपासणी दुकानातल्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जाते.

सगळे आकडे एकाच बाजूला चुकतात असंही नाही. अमेरिकन पद्धतीत पौंडाचा आकडा बहुधा राखून छापतात. पॉवरप्रोच्या २० पौंडी डब्यावर जाडी ०.२३ मिमी लिहिलेली असते, म्हणजे ती जपानी पीई २ च्या जवळची झाली, आणि प्रत्यक्षात २० पौंडांवर तुटत नाही. उलट जपानी डब्यावर २० पौंड लिहिलं असेल तर ती पीई १ असू शकते. दोन्हींवर '२०' बघून तुम्ही तुलना केलीत तर दुप्पट धागा असलेली लाइन एका हातात आणि अर्धा धागा असलेली दुसऱ्या हातात असते. कोणती 'मजबूत' हे मग कळणार कसं?

त्यात मुळात किती ताकद वापरायची असते तेही बघा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की रील ज्या ताणाला लाइन सोडते तो, लाइनच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवायचा, हा सर्वसाधारण नियम आहे. ७ किलोच्या पीई १ वर म्हणजे दोन किलोच्या आसपास. १६ पौंड आणि २० पौंड यातल्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्याने आधी आपला ड्रॅग वजनकाट्याला लावून बघावा.

चार पेडी की आठ पेडी

खरा निर्णय इथे आहे. वेणी तीन पेडांची घालता येते तशी पाचाचीही. ब्रेडमध्ये चार आणि आठ हे दोन मुख्य प्रकार. (नऊ आणि बारा पेडांच्याही मिळतात, त्या आठ पेडीच्याच घराण्यातल्या धरा.)

पीई १ चार पेडांत विणली तर प्रत्येक पेड ५० डेनियरचा, आठ पेडांत विणली तर २५ चा. एवढ्या एका फरकातून बाकी सगळं निघतं. आठ पेडांची लाइन गोल, मऊ, गाइडमधून (गळकाठीवरच्या कड्यांतून) सरसर जाणारी. लूर लांब जाते, आवाज नाही, पातळ असूनही ताणाला सरस, कारण बारीक पेड लाइनच्या दिशेने जास्त सरळ बसतात. हाताला ती रेशमासारखी लागते आणि दुकानात तीच पसंत पडते.

पण कालवांनी भरलेल्या खडकावर तिला घासा. बारीक पेड लवकर कापला जातो. कोणी म्हणेल, आठातला एक गेला तर आठवा हिस्साच गेला, चारातला एक गेला तर पाव गेली. हिशेब कागदावर बरोबर आहे, पण खडक एकच पेड निवडून कापत नाही. ज्या घर्षणाने चार पेडीचा जाड पेड वरवर पिसारतो, तेवढ्याच घर्षणाने आठ पेडीचे दोन-तीन पेड आरपार जातात. चार पेडी खरखरीत असते, गाइडमधून झूंऽऽ असा आवाज करते, पण रेटून वापरायला तीच बरी. आणि स्वस्तही असते.

देवगड-मालवणच्या कातळावरून तांबोशीसाठी गरवणाऱ्याला मी डोळे झाकून चार पेडी सांगेन, पीई १.५ किंवा पीई २. तांबोशी लागली की पहिली उडी बिळाकडे मारते. तिथे पाच मीटर लांब गेलेल्या लुरेपेक्षा खडकाला दोन वेळा घासूनही टिकलेली लाइन मोलाची. भाट्याच्या खाडीसारख्या ठिकाणी, जिथे तळाला गाळ आणि कडेला कांदळवन आहे, तिथे मत बदलतं. मोकळ्या पाण्यात जिताड्यासाठी लूर फिरवायची असेल तर आठ पेडी पीई १.२ ते १.५ सुखाची. कांदळवनाच्या मुळांत घुसवून मासा काढायचा असेल तर पुन्हा चार पेडी. आणि पालूसारख्या माशांसाठी हलक्या लुरा, पाच ते दहा ग्रॅमच्या, फेकायच्या असतील तर आठ पेडी पीई ०.८ ला तोड नाही. तिथे चार पेडी घेऊ नये. हलकी लूर तिला ओढून नेऊच शकत नाही.

मधले दोन पर्याय

सफिक्स ८३२ ही मिश्र विणीची लाइन आहे: सात पेड पीईचे आणि एक गोर कंपनीच्या धाग्याचा, विणही घट्ट. आठ पेडी असून घर्षणाला बरी टिकते. एकच रील, एकच लाइन आणि खडक-खाडी दोन्हीकडे जाणं, अशी ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यासाठी मी हिचं नाव आधी घेईन. आठ पेडीच्या हौशी लोकांना ती जराशी कडक वाटते, वाटू दे.

दुसरा पर्याय वितळवून जोडलेल्या लाइनचा, बर्कलीच्या फायरलाइनसारख्या. यात पेड एकमेकांना चिकटवलेले असतात. लाइन कडक असते, त्यामुळे गुंता कमी होतो आणि नवशिक्याला पहिले काही महिने सोपे जातात. लेप झिजला की मात्र ती चपटी आणि केसाळ होते. टिकाऊपणात ती मला पटत नाही.

किती दिवस टिकेल

रंग उडाला म्हणून लाइन टाकू नका. पीईला रंग धरतच नाही, तो वरवरचा असतो आणि काही फेऱ्यांत फिका पडतोच. ताकदीशी त्याचा संबंध नाही. बघायचं ते पिसारणं. शेवटचे दहा मीटर उजेडाकडे धरून नखावरून हळूच ओढा. सगळीकडे सारखी बारीक लव दिसली तर ती वापराची खूण आहे, चालेल. एखाद्या जागी लव दाट, लाइन अचानक चपटी किंवा नखाला खाच लागली, तर तिथून पुढचं सगळं कापून टाका. तीन मीटर लाइनचा मोह करून मासा आणि लूर दोन्ही घालवणारे खूप पाहिलेत.

मीठ हा दुसरा शत्रू. खारं पाणी पेडांच्या मध्ये शिरतं, सुकलं की कण आतल्या आत घासतात आणि गाइडही खातात. घरी आल्यावर स्पूल काढून साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवून सावलीत वाळवायचं. उन्हात गाडीच्या काचेमागे रील ठेवू नये.

आता गाठ. इथेच सगळ्यात जास्त ताकद वाया जाते. पीई गुळगुळीत असल्याने तंगुसाच्या गाठी तिच्यावर निसटतात. फ्लुरोकार्बनच्या लीडरला (ब्रेड आणि लूर यांच्यामधला जाड तुकडा) जोडायला एफजी गाठ सर्वांत सरस: ब्रेड लीडरभोवती अठरा-वीस वेढे आलटून पालटून चढवून घट्ट आवळायची. ती बारीक असते म्हणून गाइडमधून अडखळत नाही. होडीत, वाऱ्यात ती जमत नसेल तर डबल युनी बांधा, ब्रेडच्या बाजूने वेढे दुप्पट घ्या, आणि ताकद थोडी कमी मिळेल हे धरून चला. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करायचीच, कारण कोरड्या घर्षणाची उष्णताही या धाग्याला पुरते. लीडरचं टोक लायटरने गोळा करण्याची सवय अनेकांना असते. ज्योत ब्रेडच्या जवळ गेली की शेजारचा भाग कडक आणि चकचकीत होतो. डोळ्यांना तो छान सीलबंद दिसतो, पण पहिल्या झटक्याला तिथेच तुटतो.

लीडर वगळून बारीक ब्रेडच्या टिकाऊपणाची चर्चाच होऊ शकत नाही. जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, तिला कोणतीच बारीक ब्रेड पुरत नाही. २० ते ४० पौंडांचा, हाताच्या दोन वावा लांबीचा लीडर हवाच. सुरमईच्या दातांपुढे फ्लुरोकार्बनही अपुरा, तिथे छोटी तार लावा.

हलकी लूर आणि बारीक ब्रेड यात वाऱ्याची गाठ, म्हणजे ढिल्या लाइनचा आपोआप बसणारा गुंता, पडते, विशेषतः समोरून वारा असताना. अशी गाठ बसलेली ब्रेड निम्म्या ताकदीवर येते, कधी त्याहूनही खाली. सुईने उलगडली तर ठीक, ओढून घट्ट झाली असेल तर कापा. ती टाळायची तर लूर पाण्यात पडताच बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करून ढील काढून घ्यावी, आणि स्पूल काठोकाठ भरू नये. स्पूलवर आधी थोडं तंगूस गुंडाळून मग ब्रेड भरली की अख्खी ब्रेड स्पूलवर घसरत नाही. भरताना ओल्या फडक्यात धरून ताणून भरा. सैल भरलेली बारीक ब्रेड मोठा मासा लागला की खालच्या थरांत रुतते आणि पुढच्या फेकीला झटका बसून लूर एकटीच समुद्रात जाते.

गळ खडकात अडकला तर ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट हाडापर्यंत कापतं. एखाद्या लाकडी दांडक्याला किंवा चपलेच्या तळव्याला चार वेढे द्या आणि सरळ मागे चालत जा.

घेताना शक्यतो ३०० मीटरचा डबा घ्या आणि दोन रीलांवर अर्धा अर्धा भरा. १५० मीटरचे दोन डबे घेण्यापेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो. खडकावरून गरवताना फेक फारशी साठ-सत्तर मीटरच्या पुढे जात नाही, त्यामुळे वरची अर्धी लाइनच झिजते. वर्षभर वापरून झाली की ती उलटी करून भरा. त्यासाठी दोन झाडांमध्ये ताणण्याची गरज नाही, मित्राचं रिकामं स्पूल मधे घ्या, त्यावर एकदा उतरवा, तिथून दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर आणि मग परत आपल्या रीलवर. आतली न वापरलेली बाजू वर येते आणि तीच लाइन आणखी एक हंगाम चालते.