१९१४ च्या युरोपचा भिंतीवरचा नकाशा: आठ महिने वापरल्यानंतर

दिवाळीत ऑनलाइन मागवला होता. पाच फूट बाय साडेतीन फूट, लॅमिनेशन केलेला, वर-खाली लाकडी पट्ट्या, किंमत १,६५० रुपये. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर "रंग छान, पॅकिंग चांगलं" यापलीकडे काही सुचलं नसतं. आता आठ महिने रोज संध्याकाळी याच्यासमोर बसून पहिल्या महायुद्धाची सुरुवात वाचतोय, तेव्हा सविस्तर लिहितो.

मी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात ३१ वर्षं काढली. गाड्यांना पाथ देणं आणि क्रॉसिंग लावणं हेच काम. त्यामुळे शाळेत पाठ केलेली कारणं, म्हणजे साम्राज्यवाद, गुप्त करार, सारायेव्होचा खून, मला कायम अर्धवट वाटायची. २८ जून १९१४ ला १९ वर्षांच्या प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली हे खरं, पण त्यावरून पाच आठवड्यांत बेल्जियम का पेटावं? ते या नकाशाने समजावलं.

आधी बेलग्रेड बघा. सर्बियाची ही राजधानी थेट सरहद्दीवर आहे. सावा नदी डॅन्यूबला मिळते तिथे शहर, आणि पलीकडचा काठ ऑस्ट्रिया-हंगेरीचा. २८ जुलैला युद्ध पुकारलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नदीतल्या ऑस्ट्रियन लढाऊ बोटी या शहरावर तोफा डागत होत्या. नकाशावर ते अंतर माझ्या नखाएवढंही नाही.

आता सर्बियाच्या पाठीशी उभा असलेला रशिया. झारला फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध सैन्य जमवायचं होतं. सेनापती म्हणाले, अर्धी जमवाजमव केली तर पुढे पूर्ण करताना गाड्यांचा घोळ होईल. २९ जुलैला दिलेला पूर्ण जमवाजमवीचा हुकूम झारने रात्री मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला. जर्मनीत १ ऑगस्टला तसंच घडलं. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, म्हणाला, फ्रान्सकडे निघालेलं सगळं सैन्य पूर्वेला रशियाकडे वळवा. सरसेनापती मोल्टके म्हणाला, आता शक्य नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी वळवणं अवघड असतं, पण "शक्य नाही" हे उत्तर मी वरिष्ठांना इतक्या सहज कधी दिलं नाही. पुढे जर्मन लष्करी रेल्वे विभागातल्याच एका अधिकाऱ्याने ते जमलं असतं असं मांडलं. टाइमटेबलने युद्ध लादलं असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. टाइमटेबल माणसं बनवतात आणि बदलतातही माणसंच.

नकाशाचा सगळ्यात मोलाचा तुकडा बेल्जियममधल्या लीएज शहराजवळ आहे. भिंग घेऊन बघावं. हॉलंडची एक चिंचोळी पट्टी मास नदीच्या कडेने मास्ट्रिक्टपर्यंत खाली उतरते आणि दक्षिणेला आर्देनचं जंगल सुरू होतं. जर्मनांना बेल्जियममार्गे फ्रान्सवर चालून जायचं होतं. हॉलंडला हात लावायचा नाही असं ठरल्यावर जर्मन सेनानी क्लुकच्या अख्ख्या सैन्याला आखेनमधून याच फटीतून जायचं होतं, आणि फटीच्या तोंडावर लीएजचे १२ किल्ले. ४ ऑगस्टला बेल्जियममध्ये पाऊल पडलं, त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरलं. ४२ सेंटिमीटरच्या तोफा आणून शेवटचा किल्ला पाडायला १६ तारीख उजाडली.

यानंतर मी टाचण्या लावत गेलो. २० ऑगस्ट ब्रसेल्स, २३ ला माँस, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसजवळची मार्न नदी. जर्मन शिपाई पायी पुढे जात होता, कारण मागचे पूल आणि बोगदे उद्ध्वस्त होते. फ्रेंच सरसेनापती जोफ्र मात्र स्वतःच्या चालू रेल्वेने पूर्वेकडची दळं पॅरिसकडे आणत होता. सगळे शिपायांना आघाडीवर नेणाऱ्या पॅरिसच्या टॅक्सींची गोष्ट सांगतात, पण मार्न वाचवली ती रेल्वेने, हे माझं मत. पूर्वेला रशियाचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,५२४ मिलिमीटर आणि जर्मनीचा १,४३५. मनमाडला मीटरगेजचा माल हमालांनी पाठीवरून ब्रॉडगेजच्या वाघिणींत भरताना मी पाहिलाय. तोफगोळे आणि दाणागोटा असाच सरहद्दीवर उतरवायचा म्हणजे काय, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता तक्रारी. या नकाशात एकही रेल्वेमार्ग नाही आणि ही मोठी उणीव आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस बेल्जियन सैन्य न्यूपोर्ट ते डिक्समाउडे या रेल्वेच्या भरावामागे दबा धरून बसलं. भरावाखालच्या मोऱ्या बुजवल्या, भरतीच्या वेळी न्यूपोर्टचे पाणी अडवणारे दरवाजे उघडून समुद्राचं पाणी आत घेतलं आणि जर्मनांची वाट बुडवली. तो मार्ग मी लाल मार्करने स्वतः काढलाय. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, म्हणून दिवा बाजूला घ्यावा लागला. पावसाळ्यात खालची पट्टी सुटली, ती फेविकॉलने बसली. सर्बिया आणि रुमानियाचे रंग इतके जवळचे की नातू दरवेळी चुकतो.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. नकाशा पूर्वेला बसऱ्याच्या अलीकडेच संपतो. ६ नोव्हेंबर १९१४ ला ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या सहाव्या पुणे डिव्हिजनची सगळ्यात आधी आलेली ब्रिगेड इराकमधल्या शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला तुर्कांविरुद्ध उतरली. त्यात ११७ वी मराठा पलटण होती. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हाती आलं. आमच्या भागातल्या कितीतरी गावांत १९१४ ते १९१९ च्या युद्धाला गेलेल्यांच्या संगमरवरी पाट्या आहेत, आणि ती माणसं जिथे उतरली ती जागाच या कागदावर नाही. मी शाळेच्या ॲटलासमधून इराकच्या आखाताकडच्या भागाची झेरॉक्स काढून नकाशाच्या उजव्या कडेखाली चिकटवलीय. फाओला टाचणी लावलीय, हिरवी.

घ्यायचा असेल तर घ्या, पण सोबत भिंग, लाल मार्कर आणि ती झेरॉक्स ठेवाच.